पाहणीपुरते कोबी

४ फेब्रुवारी

भावजी,

आशीर्वाद आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे रागवायला मी मोकळी. फोनवर तुम्ही "बघू" म्हणता आणि ठेवून देता. वर महत्त्वाचं ते लेखी हवं, हेही तुमचंच म्हणणं. तर घ्या लेखी.

वादळात खालच्या शेताचा बांध फुटला हे तुम्हाला माहीत आहे. तो मी अजून बांधून घेतलेला नाही, हे माहीत नाही. तुमचे दादा होते तोवर बांध फुटला की दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन उतरायचे. ते गेल्यावर मी माणसं लावून दोनदा भगदाड बुजवलं आणि दोन्ही वेळा तो भराव समुद्राने नेला. आता भरती आली की पाणी सरळ आत शिरतं, वाफ्यांतून फिरतं आणि जाताना पांढरा थर ठेवून जातं. तोंडी वाटणीत खालचं शेत तुमचं, वरचं शेत आणि घर आमचं. पण कागदावर सगळं दोघांच्या नावाने. म्हणून तुम्हाला विचारल्याशिवाय मला तिथे खुंटीही ठोकता येत नाही.

मी मदत मागायला शेतकी कार्यालयात गेले होते. तिथल्या साहेबांनी बांध म्हणजे शेती नव्हे असं सांगितलं. बंदराच्या कचेरीत गेले, तर त्यांच्या मते बांध समुद्राचा नाही, शेताचा आहे. शेवटी कुणीतरी पोस्टाच्या वरच्या मजल्यावर पाठवलं. जिना इतका अरुंद की वरून एक गृहस्थ आले म्हणून मला अर्ध्यातून परत खाली उतरावं लागलं. वर एक खोली, एक टेबल, भिंतीवर किनाऱ्याचा नकाशा आणि टेबलाखाली चिखलाने माखलेले गमबूट. त्या गमबुटांच्या मालकीणबाई म्हणजेच सगळं किनारा संवर्धन कार्यालय, दुसरं कुणी नाही. त्यांनी उठून मला खुर्ची दिली आणि मी नुसती काठावर टेकले. सरकारी जागेत मला आजवर कुणी बसा म्हटलेलं नाही.

त्यांचं म्हणणं असं, की खालचं शेत समुद्राला सोडून द्यायचं. तिथे लव्हाळी उगवतील, पाखरं येतील. बदल्यात सरकार वरच्या शेतापुढे नवा पक्का बांध घालून देईल, म्हणजे वरचं शेत, घर आणि विहीर वाचेल. खालच्या शेतावर नाव आपलंच राहणार, फक्त नांगर घालायचा नाही. आधी बाई येऊन पाहणी करणार, मग दोन्ही मालकांच्या सह्या. खर्च काही नाही. काही नाही म्हणजे खरंच काही नाही का, असं मी दोनदा विचारलं, तर दोन्ही वेळा हसल्या. कुठेतरी पाणी मुरतंय हे नक्की. तुम्ही विमा कंपनीत उभा जन्म लोकांचे दावे तपासलेत, तुम्हाला वास येईल.

एवढं लक्षात ठेवा. सप्टेंबरातलं उधाण वरच्या शेतापर्यंत आलं तर विहीर गेली, आणि विहीर गेली की घर गेलं.

तुमची वहिनी

१२ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार घ्या आणि आधी खाली बसा. तुम्ही माझी पत्रं उभ्याने, चुलीवर काहीतरी ठेवून वाचता हे मला ठाऊक आहे.

तुम्हाला वास आला तो बरोबर आला. पाहणीला येणारा माणूस मदत द्यायला येत नाही, नकाराचं कारण शोधायला येतो. हे मी ऐकीव सांगत नाही, मी स्वतः हाच धंदा केला. छप्पर गळतंय म्हणून कुणी हातापाया पडू लागला की आम्ही शांतपणे लिहायचो, 'मालकाने देखभाल केलेली नाही', आणि दावा निकालात. याउलट घर झाडलेलं, कड्या-कोयंडे तेल दिलेले दिसले की आमची लेखणी अडायची. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं?

तेव्हा त्या बाईंना खालचं शेत आहे तसं दाखवू नका. पांढरा थर बघितला की त्या 'पडीक' असा शेरा मारतील. एकदा पडीक ठरलं की पुढे ते सरकारजमा करायला कुठलं तरी कलम निघतंच. शेत कसलेलं दिसलं पाहिजे. कसं ते तुम्ही बघा, तुमच्याइतकी युक्ती आमच्या घराण्यात कुणाला नाही.

आणि एक विचारतो, राग मानू नका. खालचंच शेत सोडायचं ही कल्पना बाईंची की तुमची? माझ्या वाट्याचं शेत पाखरांना आणि तुमच्या वाट्याला पक्का बांध, असं मला इथून दिसतं. मी विमावाला आहे, मला आधी हेच दिसणार. विहीर कशी आहे? त्या पाण्याच्या चहाची आठवण येते.

सही वगैरे इतक्यात नको.

धाकटा

३ मार्च

भावजी,

राग मानू नका असं कुणी लिहिलं की माणसाने राग मानायचाच असतो, तेव्हा मी मानला. कल्पना बाईंची होती. मला पाखरांचं काय कौतुक? बिया उकरून खातात मेली. पण तुमच्या मनात ते आलं हे मी लक्षात ठेवणार आहे.

बाकी तुमचं ऐकलं. पाहणीच्या आदल्या दिवशी दुपारी वरच्या अंगाच्या शेजारणीला हाताशी घेतलं. आम्ही दोघींनी खालच्या शेतातला पांढरा थर फावड्याने खरवडून पोत्यांत भरला आणि पोती गोठ्यामागे लपवली. मग वरच्या शेतातले तयार कोबी मुळांसकट, मातीच्या गोळ्यासकट उचलले आणि खाली ओळीने लावले. शेजारणीच्या नळावरून बादल्या आणून एकेकाच्या बुडाशी पाणी घातलं. संध्याकाळपर्यंत दोघींच्या कमरेचे काटे ढिले झाले, पण शेत असं दिसायला लागलं की तुमचे दादा असते तर मलाच विचारते, हे कधी केलंस? शेजारीण म्हणाली, लग्नाला उभी राहिलेली मुलगीसुद्धा इतकी नटत नाही.

बाई सकाळी ओहोटीच्या वेळी आल्या. बांधावरून चालत गेल्या, खाली उतरल्या. मी डोळ्यांत तेल घालून त्यांच्याकडे बघत होते. एका कोबीपाशी वाकून त्यांनी बुडाजवळची माती बोटाने दाबली, मग माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं. "छान जोपासलंय," एवढंच म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. चहा मी विचारला नाही. उगाच लाच दिल्यासारखं दिसलं असतं.

आता माझं ऐका. त्या गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी एक गवंडी आला. बरोबर एक माणूस, हातात दोरी. खालच्या शेतात रस्त्याच्या कडेला, जिथे जमीन जरा उंच आहे, तिथे दोरी लावून मोजायला लागले. कुणाला विचारून, असं मी विचारलं, तर म्हणे शहरातल्या धाकट्या मालकांनी पाठवलंय. पुढे ताकास तूर लागू देईना. हॉटेलवाल्यांनी पलीकडच्या वळणापर्यंत किनारा घेतलाय, हे तुम्हाला मी सांगायला नको. सही इतक्यात नको म्हणता ती याच्यासाठीच का?

वहिनी

११ मार्च

वहिनी,

कोबीचं वाचून मी एकटाच इतका हसलो की शेजाऱ्याने भिंतीवर थाप मारली. याला म्हणतात तयारी. त्या वहीत 'उत्तम' लिहिलं गेलं असणार, बघाल.

गवंड्याचं मनावर घेऊ नका. जुन्या ओळखीचा आहे, त्या बाजूला कामाला आला होता, म्हणून सहज बघून ये म्हटलं. हॉटेलवाल्यांचा संबंध नाही. याहून जास्त आत्ता लिहीत नाही.

पण तुमच्या पत्रात एक जागा आहे, तिथे मी अडलो. विहीर मागच्या दारात. शेजारणीचा नळ चढावर, दोन शेतं ओलांडून. कोबींना घालायला पाणी तिथून का आणलंत? आणि चहा न विचारण्याचं जे कारण दिलंत ते तुमचं नव्हे. आमच्या घरी कर वसूल करायला आलेला माणूससुद्धा तुमच्या हातचा चहा घेतल्याशिवाय गेलेला नाही. तुम्ही काहीतरी लपवताय. उभा जन्म हेच ओळखण्याचा पगार घेतला मी.

बाई पुन्हा आल्या होत्या का? तुमचं आणि त्यांचं काही बोलणं झालंय का, जे मला कळू द्यायचं नाही?

धाकटा

३० मार्च

भावजी,

काल पोस्टाच्या वरच्या मजल्यावरून उत्तर आलं. खालचं शेत उत्तम स्थितीत असून पीक निरोगी आहे, सबब मदतीची आवश्यकता दिसत नाही, अर्ज निकाली काढला आहे. तुमची 'उत्तम'ची भविष्यवाणी अक्षरशः खरी ठरली. अभिनंदन.

ते कोबी तिसऱ्या दिवशी माना टाकून बसले आणि आता कुजून इतकी दुर्गंधी सुटलीय की शेजारीण तिची खिडकी लावून घेते. चांगले तयार कोबी होते, बाजारात गेले असते. मी तुमच्यावर चिडलेय आणि माझ्यावर त्याहून जास्त. ज्या बाईने खुर्ची दिली तिला मी नटवलेलं शेत दाखवलं, आणि जे दाखवायचं ते पोत्यांत भरून गोठ्यामागे ठेवलं. नुकसानभरपाई मागायला निघालेला माणूस घर रंगवून बसतो का कधी? तुमच्या कंपनीत नसेल बसत. आपल्या घरात बसतो.

आता विहिरीचं. तुम्ही बरोबर ओळखलंत. वादळानंतर महिनाभरातच साबणाला फेस येईनासा झाला. मी म्हटलं साबण वाईट असेल. मग चहा फाटायला लागला. तेव्हापासून पिण्याचं पाणी शेजारणीकडून आणते. पाहणीच्या दिवशी घरात तेही नव्हतं, सगळं कोबींच्या बुडाशी गेलं होतं, म्हणून चहा विचारला नाही. तुम्हाला लिहिलं नाही, कारण मला वाटलं विहीर गेली असं कळलं की तुम्ही म्हणाल, मग विकूनच टाकू. मला या घरातून जायचं नाही, भावजी. तुमचे दादा त्या मागच्या दारात बूट काढायचे, तिथे मी अजून पोतं अंथरते. मी दुसरीकडे कुठे राहू?

विश्वास बसणार नाही म्हणून विहिरीचं पाणी बाटलीत भरून बसच्या ड्रायव्हरकडे दिलंय. चाखून बघा. उत्तराच्या तळाशी लिहिलंय, दोन्ही मालकांनी लेखी विनंती केली तर एकदा फेरपाहणी होते. दोन्ही मालकांनी.

आणि आता स्पष्टच विचारते. शेत विकताय का?

वहिनी

६ एप्रिल

वहिनी,

बाटली मिळाली. सवयीने आधी झाकण बघितलं. सील नाही, पाठवणाऱ्याची सही नाही, पुरावा म्हणून कुठेही टिकणार नाही, असा विचार करत पेल्यात ओतलं आणि एक घोट घेतला. त्या विहिरीचं पाणी लहानपणी आम्ही खेळून आल्यावर दोघे भाऊ एकाच भांड्यातून प्यायचो, आणि आधी कुणी प्यायचं यावरून भांडायचो. खारट लागलं. मला रडू आलं, वहिनी. लेखी देतो.

विकत नाही. विकणार नाही. गवंड्याला मी पाठवलं ते एका खोलीचं माप घ्यायला. कंपनीने जुन्या माणसांना घरी बसवलं, त्यात मी होतो. दिवाळखोर झालोय असं समजू नका, पोटापुरतं आहे. पण इथली खोली जूनमध्ये सोडायची आहे, आणि या शहरात मला हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. वाटलं, आपल्या वाट्याच्या शेतात रस्त्याच्या कडेला एक खोली बांधावी, खाट टाकावी, समुद्र बघत बसावं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही लगेच म्हणाला असतात, घरात या. दयेपोटी म्हणाला असतात. मला कुणाच्या दयेवर राहायचं नव्हतं, म्हणून माझा तुकडा हवा होता. नेमका तोच तुमच्या बाई समुद्राला द्यायला निघाल्या. तेव्हा कलमं, शेरे, सरकारजमा, हे सगळं मी लिहिलं. पण खरी भीती ही होती.

शिवाय तो बांध बाबांनी घातलेला. मी आणि दादा टोपल्या वाहायचो. माझी टोपली लहान होती, आणि बाबा मुद्दाम सगळ्यांसमोर म्हणायचे, याची माती सगळ्यात वर टाका. तो सोडून द्या म्हणून सही करायची, हे हाताला जड जातं.

शनिवारच्या बसने येतोय. कागद मात्र मी शब्दन् शब्द वाचणार. बाई कितीही चांगल्या असोत.

धाकटा

२१ मे

भावजी,

तुम्ही सामान बांधायला परत गेलात आणि चारच दिवसांत बाई फेरपाहणीला आल्या. तुम्ही असायला हवे होतात, म्हणून सगळं नीट सांगते.

या वेळी मी काही झाडलं नाही, काही लावलं नाही. गोठ्यामागची पोती ओढत आणली आणि बांधावर मांडून ठेवली. कुजलेले कोबी होते तिथेच होते. बाईंनी नाकाला रुमाल लावला, पोत्यात हात घातला, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "मला त्या दिवशीच कळलं होतं."

मी थक्क झाले. प्रत्येक कोबीच्या बुडाशी तेवढाच गोल ओला आणि भोवती सगळं कोरडं, असा कोबी कुठे उगवतो का, असं म्हणाल्या. मग उत्तम असं का लिहिलंत, हे विचारताना माझा आवाज चढला, ते मी कबूल करते. त्यावर त्यांनी सांगितलं ते ऐका. या किनाऱ्यावर कितीतरी घरं अशी आहेत, ज्यांना वाडवडिलांची जमीन सोडवत नाही आणि तोंडावर नाहीही म्हणवत नाही. मग ते शेत सजवून दाखवतात. बाई समजून जातात आणि 'उत्तम' लिहून मोकळ्या होतात, म्हणजे समोरच्याला लाजायला नको.

"मला वाटलं तुम्हाला नकोच आहे," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही चहाही विचारला नाहीत."

भावजी, मी संशयाने त्यांच्याकडे बघत राहिले आणि त्या बिचाऱ्या माझी लाज राखायला बघत होत्या. दोघींच्या मध्ये पाणी घालून उभे केलेले कोबी. मी त्यांना घरात नेलं आणि विहिरीच्या पाण्याचा पेला हातात दिला. त्यांनी घोट घेतला. थुंकतील असं वाटलं होतं, पण गिळला, पेला खाली ठेवला आणि वहीत लिहायला लागल्या. मग मी शेजारणीकडच्या पाण्याचा चहा केला. दोन कप घेतले त्यांनी.

मंजुरी गेल्या आठवड्यात आली. काम उधाणाच्या आधी पुरं होईल असं लिहून दिलंय. लिहून, हे मुद्दाम कळवते. नव्या बांधाच्या खुंट्या वरच्या शेताच्या तोंडाशी ठोकून झाल्या. विहीर लगेच गोडी होणार नाही, दोन-तीन पावसाळे जातील, पण होईल असं बाई म्हणतात. मी अजून पूर्ण विश्वास ठेवलेला नाही, पण ठेवायच्या बेतात आहे.

तुम्ही एप्रिलात आलात त्या दिवशी इथे ओट्यावर बसून विनंतीचा आणि संमतीचा कागद वाचलात, स्वल्पविरामसुद्धा सोडला नाहीत, मग सही केलीत आणि एकटेच बाबांच्या बांधावर जाऊन उभे राहिलात. मी मागून आले नाही. खिडकीतून मात्र बघत होते. कालपासून मोठ्या भरतीला पाणी त्याच्या माथ्याला लागतंय आणि वरची माती उतरायला लागलीय. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

आता खोलीचं. गवंडी परवा पुन्हा आला. या वेळी मी बोलावला होता. वरच्या शेतात, जिथून ते कोबी उपटले होते तो वाफा रिकामाच आहे. नव्या बांधाच्या आतल्या अंगाला पडतो, घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि समुद्र दिसतो. दोरी लावून घेतली. गवंड्याने दार समुद्राकडे काढलं होतं, ते मी घराकडे करायला लावलं. समुद्र खिडकीतून बघा. त्या तुकड्यावर तुमचं नाव पहिल्यापासून आहेच, त्यामुळे मी काही देतेय असं समजायचं कारण नाही.

राहिली तुमची दयेची गोष्ट. विहीर गोडी होईपर्यंत पिण्याचं पाणी शेजारणीच्या नळावरून आणायचं आहे. चढ आहे, आणि माझे गुडघे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. रोज सकाळी चार बादल्या लागतील. दोन मी आणत होते, चारही तुम्ही आणायच्या.

येताना जुने बूट घेऊन या. मागच्या दारात पोतं अंथरलेलं आहे.

वहिनी